भाऊबंदकीचें रणांगण आणि निवाड्याची जागा

मुळशी हें नांव उच्चारिलें कीं महाराष्ट्रांतील सुशिक्षित माणसाच्या डोळ्यांपुढें प्रथम धरणाचें पाणी येतें, आणि त्या पाण्यामागून ता. १६ एप्रिल १९२१ रोजीं सुरू झालेला मावळ्यांचा सत्याग्रह व सेनापति बापट यांची मूर्ति उभी राहते. हें योग्यच आहे. ज्या लढ्यांत गरीब शेतकरी आपल्या जमिनीसाठीं बलाढ्य कंपनीपुढें व परक्या सरकारापुढें उभा राहिला, तो विसरणें हा कृतघ्नपणा होईल. परंतु त्याच जलाशयापलीकडे सह्याद्रीच्या धारेवर घनगड उभा आहे, त्याच्या उत्तरेस कोरीगड आहे, आणि त्याहून उत्तरेस मावळ तालुक्यांत लोहगड व राजमाची आहेत. कोंकणांतून देशावर येणाऱ्या घाटवाटांवर नजर ठेवणारी ही किल्ल्यांची माळ आहे. पावसाळ्यांत पुण्याचे हौशी लोक तेथें झुंडीनें जातात, धुकें पाहतात, तटावर उभे राहून छायाचित्रें काढितात आणि परत येतात. ह्या माळेवर एकदां परक्या शत्रूची नव्हे तर आपल्याच माणसांची आपल्या माणसांशीं गांठ पडली होती, हें त्यांतील किती जणांस ठाऊक असेल? आज त्याच यादवीच्या पहिल्या सात वर्षांविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आमच्या उत्सवांची व व्याख्यानांची एक खोड आहे. औरंगजेबाशीं महाराणी ताराबाईंनीं केलेल्या झुंजीपर्यंत वक्ता मोठ्या आवेशानें येतो, आणि तेथून जी उडी मारितो ती थेट थोरल्या बाजीरावांच्या घोड्यावर जाऊन बसतो. मधलीं इ. स. १७०७ ते १७१४ हीं वर्षें तो गिळून टाकितो. त्या वर्षांत मराठ्यांनीं मराठ्यांविरुद्ध तलवार उपसली होती, हें सांगणें त्यास अवघड वाटतें. आमच्या मतें राष्ट्रास शहाणें करणारा इतिहास नेमका तेथेंच आहे.

प्रथम हकीकत पाहूं. इ. स. १७०७ च्या आरंभीं औरंगजेब अहमदनगरास मरण पावला. त्याचा मुलगा आज्जमशहा तख्तासाठीं भावाशीं लढण्यास उत्तरेकडे निघाला, आणि वाटेंत माळव्यांत दोराहा येथें, मे महिन्यांत, त्यानें संभाजी महाराजांचे पुत्र शाहू यांस सोडून दिलें. रायगड पडला त्या १६८९ सालापासून शाहू मोगलांच्या छावणींत होते. सुटले तेव्हां त्यांचें वय पंचवीस वर्षांचें होतें. मातोश्री येसूबाई मात्र ओलीस म्हणून मागें राहिल्या, व त्यांस स्वदेश दिसावयास १७१९ साल उजाडावें लागलें. ही सुटका दयेची नव्हती. मराठ्यांत दोन राजे उभे राहिले म्हणजे दक्षिणेंत मोगलांच्या पाठीस त्रास देण्यास कोणास सवड राहणार नाहीं, हा साधा हिशेब तिच्या मुळाशीं होता. आणि आम्हीं तो हिशेब बिनचूक ठरविला.

आतां दोन्ही पक्षांची बाजू न्यायानें पाहिली पाहिजे. राजाराम महाराज १७०० सालीं सिंहगडावर निवर्तल्यावर ताराबाईंनीं आपला पुत्र शिवाजी यास गादीवर बसवून सात वर्षें औरंगजेबाच्या सगळ्या सामर्थ्याशीं टक्कर दिली. त्यांचें म्हणणें असें कीं, संभाजी महाराजांचें राज्य शत्रूनें बुडविलें. आज आहे तें राज्य आमच्या पतीनें व आम्हीं नव्यानें राखिलेलें आहे. मोगलांच्या छावणींत वाढलेल्यास, आणि त्यांचें मांडलिकत्व पत्करून आलेल्यास, तें कां द्यावें? शाहूंचें म्हणणें असें कीं, वडील घराण्याचा वारस मी आहें. काकांनीं राज्य चालविलें तें माझ्या गैरहजेरींत. वाचकांनीं क्षणभर पक्षाभिमान बाजूस ठेवून विचार करावा. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. असें असतां निवाडा कोणीं करावयाचा? वारसाचा लेखी नियम नव्हता. अष्टप्रधान होते, परंतु एकत्र बसून राजापेक्षां राज्याचा विचार करील व ज्याचा निर्णय दोघांसही बांधील, अशी सभा ती नव्हती. जो तो प्रधान आपापल्या शपथेनें एकेका व्यक्तीशीं बांधलेला. सर्व अनर्थाचें मूळ आम्हांस येथें दिसतें.

निवाड्याची जागा नसली म्हणजे तिच्या जागीं शपथ येते, आणि शपथ तुटली म्हणजे तलवार येते. ताराबाईंनीं शाहू हा तोतया आहे असें जाहीर केलें आणि सरदारांकडून दूधभातावर हात ठेवून इमानाची शपथ घेवविली, असें बखरकार सांगतात. उलट पक्षीं परसोजी भोसल्यांनीं शाहूंबरोबर एका ताटांत जेवून त्यांच्या खरेपणाची ग्वाही दिली, असें सांगतात. राज्याचा वारस कोण हा प्रश्न ताटावर सुटत होता. कागदावर नाहीं, सभेंत नाहीं!

ह्या यादवींतील आरंभींचें रक्त सांडलें तें एका गांवच्या पाटलाचें. शाहू खानदेशांतून दक्षिणेस येत असतां पारद या गांवीं पाटलानें वाट अडविली, झुंज झाली, पाटील पडला. त्याच्या विधवेनें आपलें लेंकरूं शाहूंच्या पालखीपुढें टाकून अभय मागितलें. शाहूंनीं त्या मुलास उचलून घेतलें, त्याचें नांव फत्तेसिंग ठेविलें व पुत्राप्रमाणें वाढविलें. अक्कलकोटचें राजघराणें तें त्याचेंच. कथा हृदयस्पर्शी आहे आणि शाहूंच्या स्वभावास शोभणारी आहे. पण त्या पाटलानें कोणता गुन्हा केला होता? त्याच्या समजुतीनें तो खऱ्या राज्याचेंच रक्षण करीत होता. यादवींत दोन्हीकडचा मेलेला मनुष्य आपल्यापरीनें राजनिष्ठच असतो.

पहिली मोठी लढाई ता. १२ आक्टोबर १७०७ रोजीं भीमेकांठीं खेड येथें झाली. हल्लीं त्या गांवास राजगुरुनगर म्हणतात. ताराबाईंच्या बाजूस सेनापति धनाजी जाधव व परशुरामपंत प्रतिनिधि होते. फौजेच्या दृष्टीनें शाहूंची बाजू दुबळी होती. परंतु लढाईचा निकाल लढाईपूर्वींच लागला होता. बाळाजी विश्वनाथ व खंडो बल्लाळ चिटणीस यांनीं धनाजींची खात्री पटविली कीं हा तोतया नसून खरा राजपुत्र आहे. आणि ऐन प्रसंगीं धनाजी शाहूंस मिळाले. प्रतिनिधि एकटे पडले व साताऱ्याकडे निघून गेले. लष्करी इतिहास लिहिणाऱ्यास येथें व्यूहरचनेचें वर्णन करण्यास फारसें कांहीं नाहीं; परंतु राज्यशास्त्र शिकणाऱ्यास पुष्कळ आहे. एका मनुष्याच्या मनानें बाजू बदलली आणि त्याच्या मागोमाग हजारों स्वारांनीं घोड्यांचीं तोंडें फिरविलीं. सेना राज्याची नव्हती, सेनापतीची होती. आज खऱ्या पक्षाकडे वळली ती सेना उद्यां खोट्या पक्षाकडे वळणार नाहीं, याची हमी काय?

ती हमी नव्हती हें तीन वर्षांत दिसून आलें. पण त्याआधीं एका सज्जनाची आठवण केल्यावांचून पुढें जाववत नाहीं. शंकराजी नारायण सचिव हे रायरेश्वराच्या बाजूच्या मावळ मुलखाचे कर्ते पुरुष. राजाराम महाराजांच्या पडत्या काळांत राज्य सांवरणारांपैकीं एक. त्यांनीं ताराबाईंस वचन दिलें होतें. इकडे शाहू हे खरे वारस आहेत हेंही त्यांस पटत होतें. वचन मोडवेना आणि वारसाविरुद्ध शस्त्र धरवेना, तेव्हां १७०७ सालींच भोराजवळ अंबवडें येथें त्यांनीं आपल्या हातानें आपल्या आयुष्याचा शेवट केला. त्यांची समाधि आजही तेथें आहे. मुळशीपासून ती लांब नाहीं. आम्ही वाचकांस विचारतों, ज्या व्यवस्थेंत प्रामाणिक मनुष्यास मरणाखेरीज दुसरी वाट उरत नाहीं, ती व्यवस्था कितीही शौर्यशाली असली तरी तिच्यांत मोठें व्यंग आहे, असें म्हणावें कीं नाहीं?

साताऱ्याचा किल्ला घेतला तोही याच मासल्यानें. किल्ल्यावर शेख मिरा हा अंमलदार होता व प्रतिनिधि आंत होते. शेख मिऱ्याचीं बायकापोरें वांईस होतीं. तीं शाहूंच्या लोकांनीं धरिलीं व तोफेच्या तोंडीं देण्याची धमकी घातली, तेव्हां त्यानें प्रतिनिधींस कैद करून किल्ला स्वाधीन केला, असें ग्रँट डफ लिहितो. ता. १२ जानेवारी १७०८ रोजीं शाहूंस साताऱ्यास राज्याभिषेक झाला. सौम्य व दयाळू म्हणून ज्या राजाची कीर्ति आहे, त्याच्याही नांवावर यादवीनें हा डाग ठेविला.

पुढें १७०९ च्या सुमारास औरंगजेबाचा मुलगा बहादुरशहा दक्षिणेंत आला असतां दोन्ही पक्षांचे वकील चौथाई-सरदेशमुखीच्या सनदेसाठीं त्याच्यापुढें उभे राहिले. एका पक्षास झुल्फिकारखानाचा पाठिंबा, दुसऱ्यास वजीर मुनीमखानाचा. बादशहानें सनद कोणासच दिली नाहीं. आधीं तुमचें आपसांतलें भांडण मिटवा, असा त्याचा अभिप्राय पडला. अवघीं दोन वर्षें झालीं होतीं त्याच्या बापाची हाडें दक्षिणेच्या मातींत पडून! ज्या सत्तेस सत्तावीस वर्षें झुंजवून मराठ्यांनीं थकविलें, तिलाच पंच नेमण्याची पाळी त्यांनीं आपल्या हातानें आणिली. घरांत निवाडा करणारी जागा नसली म्हणजे परका न्यायाधीश होतो. आणि त्याचें हित निवाडा लांबविण्यांतच असतें.

इतक्यांत धनाजी वारले. त्यांचा मुलगा चंद्रसेन सेनापति झाला. परंतु बाळाजी विश्वनाथांशीं त्याचें बिनसलें, तें एका हरणाच्या शिकारीच्या निमित्तानें हातघाईवर आलें, आणि १७११ सालीं राज्याचा सेनापति आपल्या फौजेसह प्रथम ताराबाईंकडे व पुढें निजामाकडे निघून गेला. खेडास जें बापाकडून लाभलें तें मुलाकडून व्याजासह परत गेलें. मुलखांत जो तो पुंड राजा झाला. पाटसाजवळ हिंगणगांवीं गढी बांधून बसलेल्या दमाजी थोराताची गोष्ट प्रसिद्ध आहे. त्यानें बेलभंडारा उचलून अभय दिलें, बाळाजींस भेटीस बोलाविलें व कुटुंबासह कैद केलें. शपथेची आठवण देतां त्यानें सांगितलें कीं, बेल म्हणजे झाडाचें पान आणि भंडारा म्हणजे रोज खातों ती हळद. दूधभातानें जी यादवी सुरू झाली ती ह्या हळदीपर्यंत येऊन पोंचली! शपथेवर चालणारें राज्य शपथेची किंमत गेल्यावर कशावर चालावें?

आमच्या व्यापारी वाचकांनीं येथें विशेष लक्ष द्यावें. एकाच मुलखांत दोन राजांच्या नांवानें वसूल मागणारे फिरूं लागले म्हणजे पेंठ कशी चालावयाची, हें त्यांस सांगणें नको. ह्या अंदाधुंदींत बाळाजी विश्वनाथांस १७११ सालीं ‘सेनाकर्ते’ हें पद मिळालें. नांवच बोलकें आहे: जुनी सेना निघून गेली, नवी करावयाची होती. ती केवळ तलवारीनें झाली नाहीं. सावकारांच्या पेढ्यांनीं झाली. चासचे महादाजी कृष्ण जोशी हे शाहूंच्या पक्षास पैशाचा आधार देणारे एक सावकार. त्यांचीच कन्या काशीबाई पुढें बाजीरावांस दिली. राज्यास व्यापाऱ्यांच्या पतीची गरज लागते, आणि व्यापारास राज्याच्या शांततेची. पैका उसना देणाऱ्यांनीं शांततेची किंमत त्या दिवसांत पुरती ओळखली असेल.

आतां आपण आपल्या घाटमाथ्यावर येऊं. कोंकणपट्टीवर कान्होजी आंग्रे सरखेल यांचा अंमल होता आणि ते ताराबाईंच्या पक्षाचे होते. १७१३ सालीं शाहूंनीं पेशवे बहिरोपंत पिंगळे यांस त्यांच्यावर पाठविलें. कान्होजींनीं पेशव्यांचा पराभव करून त्यांस कैद केलें, लोहगड व राजमाची घेतले, आणि आतां ते साताऱ्यावर चालून येणार अशी हूल उठली. बोरघाटाचें नाक राजमाची व पवनमावळाचा पहारेकरी लोहगड हातचे गेल्यावर पुणें प्रांत उघडा पडला. मुळशी खोऱ्याच्या डोंगरवाटांवरील मावळ्यानें त्या दिवसांत कोणाच्या नांवानें ‘कोण आहे?’ म्हणून हांक द्यावयाची होती? खालून येणारा सरखेल मराठा, वरून येणारा पेशवा मराठ्यांचाच.

ता. १७ नोव्हेंबर १७१३ रोजीं पुण्याजवळ मांजरी येथें बाळाजी विश्वनाथांस पेशवाईचीं वस्त्रें मिळालीं व ते आंग्र्यांकडे निघाले. येथें ह्या पुरुषाचा मोठेपणा दिसतो. त्यांनीं लढाई केली नाहीं. १७१४ च्या आरंभीं लोणावळ्याजवळ वळवण येथें बोलणें होऊन तह झाला. कान्होजींनीं शाहूंस राजा मानिलें, बहिरोपंतांस सोडिलें व राजमाचीखेरीज घेतलेलीं ठाणीं परत केलीं. शाहूंनीं त्यांस सरखेलीचें पद कायम केलें व खांदेरी, कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग इत्यादि दहा किल्ले व सोळा लहान ठाणीं दिलीं. त्याच वर्षीं पन्हाळ्यास राजसबाईंनीं आपला मुलगा संभाजी यास गादीवर बसवून ताराबाई व त्यांचा पुत्र यांस कैदेंत टाकिलें. यादवीचा पहिला अंक येथें संपला. कोल्हापूर व सातारा हीं दोन राज्यें मात्र कायम झालीं, आणि त्यांची सीमा ठरावयास १३ एप्रिल १७३१ चा वारणेचा तह यावा लागला.

वळवणचा तह शहाणपणाचा होता, त्यानें रक्त वांचविलें, यांत शंका नाहीं. पण त्याची किंमतही मोजली पाहिजे. राज्य आपल्याच आरमाराच्या मुख्याशीं, जणूं दुसऱ्या राज्याशीं बोलावें तसें, कलमवार तह करितें. जो बलाढ्य आहे त्यास मुलूख देऊन आपलासा करितें. एकास दिलें म्हणजे दुसरा मागतो. शिवछत्रपतींनीं रोख वेतनाची जी शिस्त घालण्याचा प्रयत्न केला, ती औरंगजेबाशीं चाललेल्या झगड्यांतच सुटत आली होती. यादवीनें तिच्यावर शिक्कामोर्तब केलें. सरंजामी मराठेशाहीनें पुढें अटकेपर्यंत मजल मारिली हें खरें. परंतु एकदिलानें उभें राहण्याची संवय तिला कधीं लागली नाहीं, हेंही तितकेंच खरें. मार्च १८१८ मध्यें कर्नल प्रॉथरच्या फौजेपुढें लोहगड, कोरीगड आणि घनगड एकाच महिन्यांत पडले. शंभर वर्षांपूर्वींच्या यादवीस त्याचें एकमेव कारण ठरविणें अन्यायाचें होईल. पण ज्या माळेसाठीं भाऊ भावाशीं लढले ती माळ परक्याच्या हातीं पडावयास चार आठवडे पुरले, ही गोष्ट प्रत्येकानें मनाशीं घोळवावी.

कोणी म्हणतील, घरचीं भांडणें चव्हाट्यावर कशास मांडतां? यानें पूर्वजांची अप्रतिष्ठा होते. आमचें उत्तर असें कीं, इंग्लंडांत सतराव्या शतकांत राजा व पार्लमेंट यांची यादवी झाली, आणि त्या देशाचीं मुलें ती शाळेंत शिकतात. त्यानें तो देश लहान झाला नाहीं. शाहूंच्या सुटकेनंतर महिन्याभरांतच जाजाऊ येथें मोगल भाऊ एकमेकांशीं लढले व आज्जमशहा मारला गेला. यादवी ही एका जातीची वा एका प्रांताची लाज नव्हे. व्यक्तीवर चालणाऱ्या सर्व राज्यांचा तो रोग आहे. ताराबाई थोर होत्या, शाहू थोर होते, धनाजी, शंकराजी, कान्होजी, बाळाजी सर्वच कर्तबगार होते. इतकीं थोर माणसें एकत्र असूनही अनर्थ झाला, म्हणूनच दोष माणसांपेक्षां व्यवस्थेंत शोधावा लागतो. आज त्यांच्यापैकीं एकास आपल्या जातीचा म्हणून डोक्यावर घेणारे व दुसऱ्यास दूषण देणारे लोक ती यादवी तीनशें वर्षांनंतरही चालू ठेवीत आहेत.

आणि हा प्रश्न केवळ गतकाळाचा नाहीं. पुणें शहर पश्चिमेस वाढूं लागल्यापासून पौड-मुळशीच्या जमिनीस सोन्याचा भाव आला आहे. जेथें पूर्वीं नाचणी-भाताच्या खाचरावरून दोन भाऊ कुरकुरत, तेथें आतां सात-बाऱ्याच्या उताऱ्यावरून कोर्टाच्या पायऱ्या झिजत आहेत. तोंडी वाटणी, देवापुढें उचललेला बेलभंडारा, वडिलांचा शब्द, हीच अजून पुष्कळ घरांतील कागदपत्रें! वडील गेले कीं एक भाऊ दलालाकडे जातो, दुसरा वकिलाकडे. आणि तो दलाल बहादुरशहाप्रमाणें दोघांसही गोड बोलून भांडण पिकूं देतो व शेवटीं जमीन घेऊन जातो. बहिणींचें तर नांवही निघत नाहीं. वास्तविक महाराष्ट्रांत १९९४ सालीं, आणि सर्व देशांत २००५ सालीं, वडिलोपार्जित मिळकतींत मुलीस मुलाच्या बरोबरीनें हक्क कायद्यानें दिला आहे. सात वर्षें राज्य संभाळणाऱ्या ताराबाईंचा जयजयकार करावयाचा आणि बहिणीची हक्कसोडपत्रावर सही घ्यावयाची, हें शिवभक्तीस शोभतें काय?

म्हणून आमच्या दोन सूचना आहेत. पहिली, घनगड व कोरीगड येथें जाणाऱ्या मंडळींसाठीं आणि तालुक्यांतील शाळांसाठीं ह्या सात वर्षांची खरी हकीकत, दोन्ही पक्षांस न्याय देऊन, सोप्या मराठींत लिहून लावावी. ह्या कामास पुण्याचे व पौडचे व्यापारी सहज हातभार लावूं शकतील. दुसरी, प्रत्येक घरानें कर्ता पुरुष हयात असतांनाच वाटणी व मृत्युपत्र लेखी करून नोंदवून ठेवावें, मुलींचा हिस्सा त्यांत स्पष्ट लिहावा, आणि वाद पडल्यास पंच कोण हेंही त्यांतच ठरवावें. पहिलीस थोडा खर्च आहे, दुसरीस थोडें मनाचें धैर्य हवें.

पूर्वजांपाशीं शौर्य होतें, निवाड्याची जागा नव्हती. आम्हांपाशीं ती जागा आहे: लेखी कायदा आहे, निवडलेली सभा आहे, न्यायालय आहे. तिचा मान राखिला नाहीं, आणि पुन्हां मनुष्य पाहून निष्ठा बदलूं लागलों, तर खेडच्या मैदानास भीमाकांठींच असावें लागत नाहीं. तें प्रत्येक गांवांत व प्रत्येक ओटीवर आहे.